यान आमोस कोमेनियस : निर्वासितांचे पाळक

ज्या देशावरून लढाई जाते त्या देशांत ती संपली असें केव्हां म्हणावें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. तहनाम्यावर सह्या झाल्या, तोफा थंडावल्या, शिपाई घरोघर गेले, म्हणजे लढाई संपली असें दरबारच्या कागदांत लिहून ठेवितात. परंतु जळलेलें गांव पुन्हां वसावयास, मोडलेली शाळा भरावयास, आणि पळून गेलेल्या बापाचें नांव मुलानें चारचौघांत घ्यावयास किती वर्षें लागतात, तें त्या कागदांत नसतें. एका पिढीनें पेटविलेलें दुसरी भोगते, तिसरी विसरते आणि चौथी पुन्हां काडी हातांत घेते, असा एक फेरा राष्ट्रांच्या इतिहासांत फिरत असतो असें कित्येक विद्वान् म्हणतात. हा फेरा घड्याळाच्या कांट्यासारखा नेमका फिरतो असें आम्हांस वाटत नाहीं. पण त्यांत मुळींच तथ्य नाहीं असेंहि म्हणवत नाहीं. आज ज्या सत्पुरुषाचें चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहों, त्यांचें सारें आयुष्य अशाच एका फेऱ्यांत सांपडून गेलें. त्यांचें नांव यान आमोस कोमेन्स्की. जग त्यांस कोमेनियस ह्या नांवानें ओळखतें. चित्रें दाखवून मुलांस धडा शिकविण्याची चाल आज आपल्या खेड्यापाड्यांतील शाळांतूनहि आहे. तिच्या आद्य पुरस्कर्त्यांत त्यांची गणना होते.

युरोपाच्या मध्यभागीं बोहेमिया व मोराविया असे दोन प्रांत आहेत. आजचा चेक देश तो हाच. तेथें यान हुस नांवाच्या उपदेशकास त्याच्या शिकवणीबद्दल इ. स. १४१५ च्या जुलै महिन्याच्या ६ व्या तारखेस कॉन्स्टन्स येथें जिवंत जाळण्यांत आलें. त्याच्या अनुयायांनीं शस्त्र उचललें, आणि १४१९ पासून १४३४ पर्यंत त्या देशांत रक्ताचे पाट वाहिले. येथें एक गोष्ट सांगणें आम्हांस उचित वाटतें. हुसवर अन्याय झाला हें खरें, परंतु त्याच्या पक्षाच्या सैन्यांनींहि मठ जाळले, नगरें लुटलीं, आणि सूड घेतांना माणसें मारिलीं. त्या धुमाळींतून जी पिढी वर आली, तिच्यांतील कांहीं लोक तरवारीला विटले. पेत्र खेल्चित्स्की नांवाचा एक ग्रामीण लेखक होऊन गेला; धर्म शस्त्रानें राखतां येत नाहीं असें त्याचें प्रतिपादन होतें. त्याचे ग्रंथ वाचून थोडीं साधीं माणसें १४५७ सालीं कुनवाल्ड ह्या खेड्यांत एकत्र राहूं लागलीं. हाच बंधुसंघ. म्हणजे ही मंडळीच मुळीं एका लढाईनंतरच्या राखेंतून उगवली होती. पुढें शेंदीडशें वर्षांत तिनें शाळा काढिल्या, स्तोत्रें छापिलीं, आणि १५७९ पासून १५९३ पर्यंत मोरावियांतील क्रालित्से गांवच्या छापखान्यांत संपूर्ण पवित्र शास्त्र चेक भाषेंत सहा भागांत छापून काढिलें.

तें काम संपत आलें असतां, १५९२ सालच्या मार्च महिन्याच्या २८ व्या तारखेस कोमेनियस जन्मले. आईबाप बंधुसंघाचे सभासद होते. मुलगा बारा वर्षांचा झाला न झाला तोंच बाप वारला, पाठोपाठ आई व दोन बहिणीहि गेल्या. पोरक्या मुलास स्त्राझनित्से येथें आत्याकडे ठेविलें. तर १६०५ सालीं हंगेरीकडून आलेल्या स्वारांनीं तें गांवच जाळून लुटलें, आणि त्यास पुन्हां आसरा शोधावा लागला. लॅटिन शाळेंत जाण्याचा योग आला तो सोळाव्या वर्षीं. इतक्या उशीरां शाळेंत गेल्यामुळें त्यांस एक लाभ झाला असें आम्हांस वाटतें. लहान मुलें छडी व घोकंपट्टी मुकाट्यानें सोसतात, कारण दुसरें कांहीं असतें हें त्यांस ठाऊकच नसतें. हा मुलगा मात्र जाणता होता. कोवळ्या पोरांचे हाल कसे चालले आहेत, आणि शिकविण्याच्या नांवाखालीं त्यांची बुद्धि कशी मारली जाते, हें त्यानें उघड्या डोळ्यांनीं पाहिलें आणि तें तो जन्मभर विसरला नाहीं.

पुढें हेर्बोर्न व हायडेलबर्ग येथें त्यांचें उच्च शिक्षण झालें. सूर्य स्थिर व पृथ्वी फिरते असें सांगणाऱ्या कोपर्निकसच्या ग्रंथाचें हस्तलिखित त्यांनीं हायडेलबर्गास विकत घेतलें, आणि १६१४ सालीं ते तेथून पायीं चालत स्वदेशीं परतले. कांहीं दिवस त्यांनीं शिक्षकाचें काम केलें. १६१६ सालीं त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. १६१८ सालीं लग्न झालें आणि फुल्नेक ह्या गांवची मंडळी त्यांच्याकडे सोंपविण्यांत आली. फुल्नेकास त्यांनीं शाळा चालविली, आणि गांवकऱ्यांस मधमाशा पाळण्याची कला शिकविली असें म्हणतात. त्यांच्या आयुष्यांतील सुखाचीं वर्षें काय तीं हीं तीन.

इकडे प्राग शहरांत काय चाललें होतें तें आतां पाहूं. १६०९ सालीं सम्राट दुसरा रूडॉल्फ ह्यानें बोहेमियांतील लोकांस धर्मस्वातंत्र्याची सनद दिली होती. पुढील राज्यकर्ते ती पाळीनात, तेव्हां १६१८ सालच्या मे महिन्याच्या २३ व्या तारखेस प्रॉटेस्टंट सरदार प्रागच्या किल्ल्यांत घुसले आणि सम्राटाच्या दोन कारभाऱ्यांस व त्यांच्या चिटणीसास त्यांनीं उंच खिडकींतून खालीं फेंकून दिलें. तिघेहि वांचले. त्यांस देवदूतांनीं झेललें असें एक पक्ष म्हणे. ते खताच्या ढिगावर पडले असें दुसरा म्हणे. कसेंहि असो, ज्यांच्या पणज्यांनीं लढाई पाहिली होती त्यांस कदाचित् हें धाडस झालें नसतें. ह्या सरदारांनीं ती केवळ गोष्टींत ऐकिली होती. त्या एका सकाळच्या रागांतून जें युद्ध पेटलें तें तीस वर्षें चाललें.

बोहेमियाचा निकाल मात्र लौकरच लागला. १६२० च्या नोव्हेंबर महिन्याच्या ८ व्या तारखेस प्रागजवळच्या पांढऱ्या टेकडीवर सम्राट दुसरा फर्डिनंड ह्याच्या सैन्यानें सरदारांच्या सैन्याची सुमारें दोन तासांत दाणादाण उडविली. पुढील वर्षीं जून महिन्याच्या २१ व्या तारखेस प्रागच्या चौकांत सत्तावीस पुढाऱ्यांचा वध झाला, आणि त्यांतील बारा जणांचीं शिरें पुलाच्या मनोऱ्यावर टांगण्यांत आलीं. तीं तेथें दहा वर्षें लोंबत होतीं. पुलावरून रोज जाणाऱ्या लहान मुलांच्या डोळ्यांपुढें दहा वर्षें तें दृश्य होतें, ह्याचा विचार वाचकांनीं करावा.

स्पॅनिश शिपायांनीं फुल्नेक घेतलें तेव्हां पाळकास लपून राहावें लागलें. पत्नीस व दोन लेंकरांस त्यांस जवळ ठेवितां आलें नाहीं. १६२२ सालीं आलेल्या मरीच्या सांथींत तीं तिघेंहि गेलीं. पुढच्याच वर्षीं फुल्नेकच्या चौकांत त्यांचीं पुस्तकें जाळण्यांत आलीं. त्या वेळीं ते एकतिशींत होते. झेरोटिनच्या कार्ल नांवाच्या थोर मनाच्या सरदारानें आपल्या जहागिरींत त्यांस आश्रय दिला, आणि तेथें, रानांतील एका लहान घरीं, जगाच्या चक्रव्यूहांत सांपडलेल्या व शेवटीं अंतःकरणांत विसावा मिळालेल्या एका यात्रेकरूची कथा त्यांनीं चेक भाषेंत लिहिली. तो ग्रंथ त्या भाषेंतील श्रेष्ठ ग्रंथांत आजहि गणला जातो.

१६२४ सालीं सर्व प्रॉटेस्टंट पाळकांस देशाबाहेर जाण्याचा हुकूम झाला. १६२७ सालीं नवा कायदा निघाला आणि सरदारांस व नगरांतील प्रतिष्ठितांस सांगण्यांत आलें कीं रोमन कॅथॉलिक व्हा किंवा देश सोडा. येथें खेड्यांत राहणाऱ्या आमच्या वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. देश सोडण्याची ही मुभा फक्त वरच्या लोकांस होती. कुळें व मजूर जमिनीला बांधलेले होते. धन्याच्या परवानगीवांचून त्यांस गांव सोडतां येत नसे. त्यांस निवड करावयाची नव्हतीच. जे पाळक गेले त्यांचीं दुःखें पुस्तकांत लिहिलीं गेलीं; पाळकावांचून मागें राहिलेल्या शेतकऱ्यांचीं दुःखें कोणी लिहिलीं नाहींत. क्रालित्सेचें पवित्र शास्त्र ज्याच्या घरीं सांपडे त्यास शिक्षा होई, म्हणून कोणी तें भिंतींत दडविलें, कोणी जमिनीखालीं पुरलें. दुष्काळांतहि शेतकरी पेंवांतील बियाणें खाऊन टाकीत नाहीं, तसें ह्या लोकांनीं तें राखिलें. बंधुसंघाचे लोक पुढें त्यांस गुप्त बीज असेंच म्हणूं लागले.

१६२८ च्या आरंभीं, ऐन हिंवाळ्यांत, कोमेनियस दुसऱ्या पत्नीसह व कांहीं कुटुंबांसह डोंगर ओलांडून पोलंडांत निघाले. सीमेवर त्यांनीं गुडघे टेंकून मागें राहिलेल्या देशासाठीं प्रार्थना केली अशी परंपरा आहे. त्यांच्या बरोबर पेत्र फिगुलुस नांवाचा एक लहान मुलगा होता; त्याला वाचकांनीं लक्षांत ठेवावें, कारण पुढें त्याच्याशीं आपल्याला काम आहे. वर्षादोनवर्षांत परत येऊं असें सर्वांस वाटत होतें. कोमेनियस पुन्हां तेथें राहावयास कधींच आले नाहींत.

पोलंडांतील लेश्नो ह्या गांवीं निर्वासितांची वसाहत झाली. कोमेनियस तेथील शाळेंत शिकवूं लागले, आणि जें काम त्यांस अमर करणार होतें तें त्यांनीं येथेंच आरंभिलें. त्यांच्या मनांतील विचार असा होता: देश एक दिवस मोकळा होईल, पण तोंपर्यंत जी मुलें जन्मलीं त्यांनीं जाळपोळीवांचून कांहीं पाहिलेलें नसेल. पडलेलीं घरें गवंडी बांधतील. पडलेलीं माणसें कोण बांधणार? म्हणून घरीं परतल्यावर शाळा कशा काढाव्या ह्याचा संपूर्ण आराखडा त्यांनीं आपल्या लोकांसाठीं आपल्या भाषेंत लिहावयास घेतला. पहिलीं सहा वर्षें आईच्या मांडीवरची शाळा. पुढें सहा वर्षें गांवोगांव मातृभाषेची शाळा. मग सहा वर्षें लॅटिन शाळा. आणि शेवटचीं सहा विद्यापीठाचीं. मुलगा असो कीं मुलगी, सरदाराचें असो कीं मजुराचें, प्रत्येक लेंकरानें शिकलेंच पाहिजे. आधीं वस्तु दाखवावी, मग शब्द सांगावा. मार देऊन शिकवूं नये. हे त्या ग्रंथांतील मुख्य सिद्धांत होत. शूद्रातिशूद्रांस व स्त्रियांस अक्षर दाखविण्याविषयीं आपल्या देशांत एकोणिसाव्या शतकांत केवढें वादळ उठलें हें आठवलें, म्हणजे सतराव्या शतकांतील एका निर्वासितानें हें लिहिलें ह्याचें नवल वाटतें.

एकदां तर परतण्याची वेळ आली असेंच वाटलें. १६३१ सालीं सॅक्सनीच्या सैन्यानें प्राग घेतलें, कित्येक निर्वासित धांवत घरीं गेले, पुलावरचीं शिरें उतरवून त्यांचें दफन झालें. परंतु १६३२ सालीं सम्राटाचा सेनापति वालेनस्टाईन ह्यानें शहर परत घेतलें, आणि गेलेले लोक पुन्हां आले तसे परतले.

त्याच सुमारास कोमेनियस ह्यांचें लॅटिन शिकविण्याचें पुस्तक छापून निघालें होतें. एक हजार वाक्यें व त्यांत सुमारें आठ हजार शब्द, असें तें भाषेचें दार होतें. थोड्याच वर्षांत युरोपांतील बहुतेक भाषांत त्याचीं भाषांतरें झालीं. १६३२ सालीं बंधुसंघानें त्यांस बिशप नेमिलें. १६४१ सालीं इंग्लंडांतील विद्वानांनीं त्यांस बोलाविलें, पण तेथें यादवी सुरू झाल्यामुळें पुढच्याच वर्षीं त्यांस निघावें लागलें. हॉलंडांत देकार्त ह्या तत्त्ववेत्त्याची त्यांची भेट झाली. नंतर १६४८ पर्यंत ते एल्बिंग येथें राहून स्वीडनच्या शाळांसाठीं पुस्तकें लिहीत होते. ह्या कामाचा त्यांस कंटाळा येई. त्यांचें मन मानवजातीच्या सुधारणेच्या एका थोर ग्रंथांत गुंतलें होतें. तरी त्यांनीं तें केलें, कारण स्वीडनचा प्रधान ऑक्सेनस्टिएर्ना ह्याच्या हातीं सैन्य होतें, आणि तह होईल तेव्हां तो आपल्या लोकांस विसरणार नाहीं अशी त्यांची आशा होती.

तह झाला. १६४८ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २४ व्या तारखेस वेस्टफालियाच्या कागदांवर सह्या झाल्या, आणि त्यांत बोहेमियाच्या निर्वासितांसाठीं कांहींच नव्हतें. सम्राटाच्या मुलुखांत सम्राटाचाच धर्म, असें ठरलें. कोमेनियस ह्यांनीं प्रधानास अत्यंत दुःखाचीं पत्रें लिहिलीं. त्यांचा उपयोग झाला नाहीं. त्याच सालीं त्यांची दुसरी पत्नीहि निवर्तली.

त्या वर्षींची एक हकीगत आम्हांस ह्या सर्व तहनाम्यांहून अधिक बोलकी वाटते. तहाच्या थोडे महिने आधीं स्वीडनच्या सैन्यानें प्रागचा नदीपलीकडचा अर्धा भाग घेतला आणि पूल ओलांडून जुन्या शहरांत शिरण्याचा प्रयत्न चालविला. तो पूल कोणीं राखिला? प्रागचे नागरिक, आणि एका जेझुइट पाद्र्याच्या हाताखालीं लढणारे विद्यार्थी ह्यांनीं. ज्या मनोऱ्यावर १६२१ सालीं प्रॉटेस्टंट पुढाऱ्यांचीं शिरें टांगलीं होतीं, त्याच मनोऱ्याखालीं, त्याच शहराचीं पोरें, प्रॉटेस्टंट सैन्याशीं जिवावर उदार होऊन लढलीं. सत्तावीस वर्षांत एक नवी पिढी वाढली होती, नव्या शाळांत शिकली होती, आणि निर्वासित ज्यांस मुक्तिदाते म्हणत त्यांस ती लुटारू म्हणत होती. त्यांत ती अगदींच चुकत होती असेंहि नाहीं. स्वीडिश सैन्यानें हातीं लागलेला भाग पुरता धुवून नेला. मुलें ज्याच्या शाळेंत, राष्ट्र त्याच्या हातांत, हें जेझुइटांस कळलें होतें आणि कोमेनियस ह्यांसहि कळलें होतें. फरक एवढाच कीं एकाकडे शाळा होत्या आणि दुसऱ्याकडे शाळांचा आराखडा.

१६५० सालीं कोमेनियस ह्यांनीं एक लहानसें मृत्युपत्र लिहिलें. मरणोन्मुख आई आपली मालमत्ता लेंकींस वांटून देते, तशी बंधुसंघ ही माता आपलें धन इतर मंडळ्यांस व आपल्या राष्ट्रास वांटून देत आहे अशी त्यांत कल्पना आहे. मंडळी मरत आहे हें त्यांनीं मान्य केलें. मात्र कोपाचें वादळ ओसरल्यावर आपल्या लोकांचा कारभार पुन्हां त्यांच्याच हातीं येईल, ही आशा त्यांनीं त्यांत नमूद करून ठेविली. मृत्युपत्र लिहून ते स्वस्थ बसले नाहींत. त्याच वर्षीं ते हंगेरींत शारोश्पातक येथें शाळा चालवावयास गेले, आणि तेथें त्यांनीं तें चित्रांचें पुस्तक रचिलें जें १६५८ सालीं न्युरेंबर्गास छापून निघालें. त्यांत दीडशें धडे आहेत आणि धड्याधड्यास चित्र आहे. नांगरणी, गुरें, मधमाशा, भाकरी भाजणें, सूर्य, आत्मा, देवाची न्यायदृष्टि, सर्व कांहीं त्यांत आहे. प्रत्येक चित्रांतील वस्तूंस आंकडे घातलेले, आणि खालीं त्याच आंकड्यांनीं शब्द. अक्षरें शिकवावयाचीं तींहि कावळा, कोंकरूं असल्या प्राण्यांच्या आवाजांवरून. पुढें दोन शतकें युरोपांतील मुलें तें पुस्तक हातीं धरून वाचावयास शिकलीं.

आतां ह्या सत्पुरुषाच्या चुकीविषयीं लिहिणें प्राप्त आहे. संतांचीं चरित्रें लिहितांना दोष झांकण्याची चाल आम्हांस पसंत नाहीं. कोमेनियस ह्यांचा भविष्यवाद्यांवर विश्वास होता. कोटर नांवाचा एक कातडीं कमावणारा, पोन्यातोव्स्का नांवाची एक मुलगी, आणि द्राबिक नांवाचा त्यांचाच एक जुना सहाध्यायी, ह्यांस दृष्टान्त होत आणि सम्राटाचा नाश जवळ आला आहे असें ते सांगत. शहाणे मित्र सांगत असतांहि कोमेनियस ह्यांनीं तीं भविष्यें १६५७ सालीं छापून प्रसिद्ध केलीं. एकहि खरें ठरलें नाहीं. द्राबिकचा तर १६७१ सालीं शिरच्छेद झाला. ह्याहून मोठी चूक १६५५ सालीं झाली. स्वीडनचा राजा चार्ल्स गुस्ताव ह्यानें पोलंडावर स्वारी केली, तेव्हां ज्या पोलंडानें सत्तावीस वर्षें आश्रय दिला त्याच्या शत्रूची स्तुति करणारें पत्रक कोमेनियस ह्यांनीं लिहिलें. घरीं परत जाण्याची आशा माणसाची दृष्टि कशी अंध करिते ह्याचें हें उदाहरण होय. लेश्नोनें स्वीडनचा पक्ष घेतला, आणि १६५६ च्या एप्रिल महिन्यांत पोलिश सैन्यानें तें गांव जाळलें. निर्वासित दुसऱ्यांदा निर्वासित झाले. चौसष्ट वर्षांच्या कोमेनियस ह्यांचें घर, ग्रंथसंग्रह, आणि चाळीसांहून अधिक वर्षें खपून जमविलेला चेक व लॅटिन भाषांचा कोश, सारें भस्म झालें. तो कोश पुन्हां लिहिणें ह्या जन्मीं शक्य नाहीं हें त्यांस तत्काळ कळून चुकलें.

हॉलंडांत ॲम्स्टरडॅम येथें एका धनिक उपकारकर्त्यानें त्यांस आसरा दिला. तेथें त्यांचे शिक्षणविषयक सर्व ग्रंथ एकत्र छापिले गेले. १६६७ सालीं ब्रेडा येथें इंग्रज व डच वकील तहासाठीं जमले, तेव्हां पंचाहत्तर वर्षांच्या ह्या म्हाताऱ्यानें दोन ख्रिस्ती राष्ट्रांनीं समुद्रावरील व्यापारासाठीं एकमेकांचे गळे कां कापावे असा प्रश्न त्यांस एका पुस्तिकेंत विचारिला. पुढच्या वर्षीं लिहिलेल्या शेवटच्या ग्रंथांत त्यांनीं आपल्या आयुष्याचा हिशेब मांडला आणि आपण किती चक्रव्यूहांत अडकलों हें निखालसपणें कबूल केलें. १६७० च्या नोव्हेंबर महिन्याच्या १५ व्या तारखेस ते प्रभूमध्यें निजले. नार्देन ह्या लहान गांवच्या चर्चांत त्यांचें दफन झालें.

बंधुसंघाचा शेवटचा बिशप, असें त्यांस कित्येक ठिकाणीं म्हणतात. परंतु डोंगर ओलांडतांना बरोबर असलेला तो लहान मुलगा, पेत्र फिगुलुस, वाचकांस आठवत असेल. तो त्यांच्या घरीं वाढला, त्यांच्या कन्येचा पति झाला, बिशपहि झाला, आणि सासऱ्याच्या आधीं कांहीं महिने वारला. त्याचा पुत्र डॅनिएल अर्न्स्ट याब्लोन्स्की बर्लिन येथें राजाचा उपदेशक झाला, आणि मंडळी जवळजवळ नाहींशी झाली असतांहि १६९९ सालीं त्यानें बंधुसंघाचें बिशपपद घेऊन ठेविलें. कोणासाठीं, हें त्या वेळीं त्यास सांगतां आलें नसतें.

तिकडे मोरावियांत फुल्नेकच्या आसपासच्या खेड्यांत गुप्त बीज अद्याप जिवंत होतें. ज्यांच्या आजोबांस कोमेनियस ह्यांच्या काळच्या पाळकांनीं शिकविलें तीं जर्मन बोलणारीं शेतकरी घरें दिवसां सरकारी चर्चांत जात आणि रात्रीं दारें लावून वाचीत. येशके नांवाचा एक आजोबा १७०७ सालीं मृत्युशय्येवर असतां त्यानें नातवांस जवळ बोलावून सुटकेची वेळ येत आहे असें सांगितलें, अशी कथा त्या मंडळींत अजून सांगतात. १७२२ सालीं क्रिस्टियन डेव्हिड नांवाच्या सुताराच्या मागोमाग ते नातू घरदार, गुरेंढोरें सोडून सीमा ओलांडून सॅक्सनींत गेले. तेथें काउंट झिन्झेन्डोर्फच्या जमिनीवर त्यांनीं जून महिन्याच्या १७ व्या तारखेस पहिलें झाड तोडून हेर्नहूट वसविलें. १७२७ सालीं झिन्झेन्डोर्फच्या हातीं कोमेनियस ह्यांनीं छापून ठेविलेले बंधुसंघाचे नियम पडले आणि आपल्या जमिनीवर आलेले हे सुतार व शेतकरी कोण आहेत तें त्यास कळलें. १७३५ सालीं म्हातारे याब्लोन्स्की ह्यांनीं आपल्या आजोबांकडून आलेली दीक्षा डेव्हिड निचमन ह्या मोरावियन सुतारास दिली. त्याच्या तीनच वर्षें आधीं ह्या दरिद्री वसाहतींतून परदेशीं पहिले मिशनरी गेले होते. आपल्या देशांत ते १७६० सालीं तरंगंबाडीस आले. पुढें एकोणिसाव्या शतकांत हिमालयांतील लाहौल प्रांतीं केलांग येथें त्यांचें ठाणें झालें, आणि तेथें तिबेटी भाषेचा कोश रचणारे पंडित येशके हे त्या मरणोन्मुख आजोबांच्याच आडनांवाचे होते.

कोमेनियस ह्यांच्या त्या थोर अपुऱ्या ग्रंथाचें हस्तलिखित दोन शतकांहून अधिक काळ हरवलें होतें. तें १९३० नंतरच्या दशकांत जर्मनींतील हाल्ले येथल्या अनाथाश्रमाच्या संग्रहांत सांपडलें. ह्याच हाल्लेच्या संस्थांतून झीगेनबाल्ग १७०६ सालीं तरंगंबाडीस आले, आणि तंजावरच्या सरफोजी राजे भोसल्यांस बाळपणीं ज्यांनीं सांभाळलें ते श्वार्ट्झहि तेथलेच.

बोहेमियांत १७८१ सालीं सम्राट दुसरा जोसेफ ह्यानें प्रॉटेस्टंटांस सहिष्णुतेची सनद दिली, तेव्हां खेड्यापाड्यांतून हजारों कुटुंबें उघडपणें पुढें आलीं; एकशें साठ वर्षें, सहासात पिढ्या, त्यांनीं तोंड मिटून काढिलीं होतीं. १९१८ सालीं दुसऱ्या एका महायुद्धाच्या शेवटीं सम्राटाचें राज्य मोडलें, आणि नव्या प्रजासत्ताकाचे पहिले अध्यक्ष मासारिक ह्यांनीं आपल्या पहिल्या संदेशांत कोमेनियस ह्यांच्या त्या मृत्युपत्रांतील आशेची आठवण केली. नार्देनचें तें चर्च मध्यंतरीं शिपायांची बराक झालें होतें. १९२९ सालीं तेथें थडग्याचा शोध लागला आणि १९३७ सालीं नवें स्मारक उभें राहिलें. दोन वर्षांनीं जर्मन सैन्य प्रागमध्यें शिरलें. तें १९४५ सालीं गेलें. आणि मग चेक लोकांनीं आपल्या देशांतील सुमारें तीस लाख जर्मन भाषकांस सामानाची एकेक वळकटी घेऊन सीमेपार घालविलें. त्यांत अपराधी होते तसे निरपराधीहि होते, आणि फुल्नेकच्या आसपासचीं तीं खेडींहि त्यांत रिकामीं झालीं. ज्या राष्ट्राला हद्दपारी म्हणजे काय तें ठाऊक होतें, त्यानेंच तीनशें वर्षांनीं ती दुसऱ्यांस दिली, हें लिहितांना आमचा हात जड होतो.

चेक देशांत आज २८ मार्च हा शिक्षकांचा दिवस म्हणून पाळतात, आणि तेथील दोनशें क्राउनच्या नोटेवर कोमेनियस ह्यांचें चित्र आहे. नोट उलटली म्हणजे मागें दोन हात दिसतात: एक मोठ्या माणसाचा, आणि त्याला लागलेला एक लहान मुलाचा.